‘ते पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील का?’ : तत्त्वज्ञान अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या तत्त्वज्ञान अभ्यासमंडळांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सादर नमस्कार.

एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात गेली १९ वर्षे मी कला शाखेच्या पहिल्या वर्षाला तत्त्वज्ञान आणि नीतिमीमांसा शिकवत आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम पुन्हा बांधले जात आहेत. कोणता घटक कोणत्या सत्रात जावा, दोन श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) ३० तासांत किती विचारवंत बसवावेत, यावर आपल्या बैठकांमध्ये विचार होत असताना मी आपल्यापुढे एकच मागणी ठेवू इच्छिते. पहिल्या वर्षाच्या नीतिमीमांसेच्या लेखी परीक्षेत निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः मांडलेल्या, कारणे दिलेल्या आणि आक्षेपांना सामोरे गेलेल्या युक्तिवादाला असावेत. घटक कोणते ठेवावेत याबद्दल माझा फारसा आग्रह नाही, कारण प्रश्नपत्रिका आहे तशीच राहिली तर कोणताही घटक ठेवला तरी वर्गातले शिकणे बदलत नाही, हे मी दोन वेळा अभ्यासक्रम बदलताना पाहिले आहे.

या पत्राचे निमित्त गेल्या वर्षीचा एक तास आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटचा घटक चालू होता. नेहमीप्रमाणे फळ्यावर ‘निरपेक्ष आदेश’ (कांटच्या मते कोणत्याही अटीविना पाळायचे कर्तव्य) असे लिहून मी सुरुवात करू शकले असते, पण त्या दिवशी मी महाभारताच्या कर्णपर्वातील कौशिकाची गोष्ट आधी सांगितली. गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असे जो म्हणेल त्याचा वध करीन, या स्वतःच्या प्रतिज्ञेपायी अर्जुन युधिष्ठिरावरच शस्त्र उपसतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला आवरताना ही गोष्ट सांगतो. नद्यांच्या संगमापाशी राहणाऱ्या कौशिकाचे सदैव खरे बोलण्याचे व्रत असते. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसे त्याच्या जवळच्या रानात लपतात, मागून आलेले दरोडेखोर त्यालाच विचारतात, तो खरे सांगतो, माणसे मारली जातात, आणि आयुष्यभर व्रत पाळूनही कौशिक नरकात जातो. एवढे सांगून मी कांटकडे वळले. १७९७ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात कांटने जवळजवळ हाच प्रसंग घेतला आहे. मित्र तुमच्या घरात लपला आहे आणि त्याच्या जिवावर उठलेला माणूस दारात येऊन त्याचा ठावठिकाणा विचारतो. कांटचे म्हणणे असे की तिथेही खोटे बोलण्याचा अधिकार तुम्हाला पोचत नाही. तुम्ही ‘तो इथे नाही’ असे सांगितले, पण मित्र तुमच्या नकळत आधीच बाहेर पडलेला असला आणि परत फिरलेल्या मारेकऱ्याला तो वाटेत सापडला, तर त्या मृत्यूचा दोष तुमच्याकडे येऊ शकतो, असे तो पुढे म्हणतो.

एरवी मान खाली घालून उतरवून घेणारा वर्ग त्या दिवशी वर पाहत होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “कौशिकानं गप्प बसायचं ना मॅडम. खोटंही नाही आणि खरंही नाही.” त्यावर त्याच्या शेजारचाच म्हणाला, “गप्प बसला म्हणजे याला ठाऊक आहे, हे त्यांना कळणारच की.” या दोन मुलांनी कर्णपर्व वाचलेले नव्हते, पण त्याच ठिकाणी श्रीकृष्णाच्या तोंडी आलेला विचार त्यांनी त्याच क्रमाने मांडला होता: न बोलून सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये; बोलणे भागच पडले, किंवा न बोलण्यानेच संशय येणार असला, तर तिथे खऱ्यापेक्षा खोटे बोलणे श्रेयस्कर. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याच्या ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात हाच श्लोक घेऊन सत्याच्या अपवादांची चर्चा केली आहे, आणि त्या ग्रंथात ठिकठिकाणी मिल, स्पेन्सर, ग्रीन, कांट या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांना समोर बसवून वाद घातला आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ कुणाला पटो वा न पटो, नीतीच्या प्रश्नावर मराठीत वाद कसा घालावा याचा तो वस्तुपाठ आहे.

मग खिडकीजवळ बसणारी, वर्षभरात क्वचितच बोललेली एक मुलगी उभी राहिली. तिच्या मामीच्या घरी एका रात्री शेजारची सोळा वर्षांची मुलगी येऊन लपली होती. घरच्यांनी तिचे लग्न ठरवले होते आणि तिला ते नको होते. सकाळी मुलीचे चुलते दारात आले. मामीने उंबऱ्यात उभे राहून सांगितले, “इकडे कोणी आलेलं नाही.” मामी माळकरी आहे, खोटे बोलत नाही अशी तिची गावात ख्याती आहे, आणि म्हणूनच चुलते निमूटपणे परत गेले. त्यानंतर मामी दोन दिवस जेवली नाही. मुलीने सांगितलेला हा शेवटचा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. मामीला आपण चुकलो असे वाटत नव्हते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तसेच करीन असे ती म्हणत होती, आणि तरीही खोटे बोलल्याचे काहीतरी देणे आपल्याकडे उरले आहे असे तिला वाटत होते. योग्य कृती केल्यानंतरही मागे उरणारी ही बोच नीतिमीमांसेतल्या अतिशय अवघड प्रश्नांपैकी एक आहे, आणि ती आमच्या वर्गात एका ताटावरून आली.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली आणि तिने विचारले, “मॅडम, मामीचं ते पेपरात लिहिलं तर मार्क मिळतील का?”

मी तिला खरे ते सांगितले. मिळणार नाहीत.

आपली प्रश्नपत्रिका कशी असते हे आपण जाणताच. ‘कांटची निरपेक्ष आदेशाची संकल्पना स्पष्ट करा.’ ‘उपयुक्ततावादाचे गुणदोष लिहा.’ ‘टीपा लिहा: सुखवाद, सद्गुण, संकल्पस्वातंत्र्य.’ सोबत एका वाक्यात उत्तरे आणि योग्य पर्याय निवडा. यातला एकही प्रश्न चुकीचा नाही, पण यातला एकही प्रश्न विद्यार्थ्याला ‘तुला काय वाटते आणि का’ असे विचारत नाही. ‘गुणदोष लिहा’ हा प्रश्नसुद्धा वस्तुतः पुस्तकात छापलेले चार गुण आणि चार दोष पाठ आहेत का, एवढेच तपासतो. सत्रान्त परीक्षेआधी आम्ही त्याच धर्तीवर सराव परीक्षा घेतो. त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत कांटचा जन्म १७२४ साली कोनिग्सबर्ग येथे झाल्याची नोंद होती, आदेशाची तीन रूपे क्रमाने होती, शेवटी ‘अशा प्रकारे कांटचे विचार आजही महत्त्वाचे आहेत’ हे वाक्य होते. मामी कुठेही नव्हती. तिला चांगले गुण पडले, ते मीच दिले, आणि ते देताना मला वाईट वाटले.

हे माझ्याही बाबतीत घडले आहे. पदवीला असताना मिलच्या सुखांच्या गुणभेदावर मी दीड पान स्वतःचे लिहिले होते. दोन्ही प्रकारची सुखे ज्याने अनुभवली आहेत त्यानेच कोणते श्रेष्ठ ते ठरवावे, असे मिल म्हणतो. माझा आक्षेप असा होता की जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या माझ्या आजीच्या हाती पुस्तक कधी दिलेच गेले नाही, तेव्हा तिच्या सुखाचा निवाडा तिला पंचांतून वगळूनच होणार. आज मला त्या आक्षेपातल्या त्रुटी दिसतात. पण माझ्या प्राध्यापकांनी त्या दाखवल्या नाहीत. त्यांनी तांबड्या शाईने त्या दीड पानावर तिरपी रेघ मारली आणि कडेला लिहिले: ‘पुस्तकात नाही.’ त्यानंतर पदवी पूर्ण होईपर्यंत मी उत्तरपत्रिकेत स्वतःचे एक वाक्य लिहिले नाही.

पहिल्या वर्षाला मूल्यशिक्षणाचे श्रेयांकही आहेत आणि नीतिमीमांसेचे वेगळे काम काय, हा प्रश्न काही ठिकाणी विचारला जातो. उत्तर सरळ आहे. मूल्यशिक्षण चांगले वागण्याचे नियम सांगते. नीतिमीमांसा नियमामागचे कारण विचारते, आणि दोन चांगले नियम एकमेकांना छेदतात तेव्हा काय करायचे याचा विचार करायला शिकवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलना’च्या न झालेल्या भाषणात नियम आणि तत्त्व यांच्यात जो भेद केला आहे, तो मी दरवर्षी पहिल्या आठवड्यातच वर्गात वाचून घेते. नियम काय करायचे ते नेमके सांगतो आणि त्याप्रमाणे केलेली कृती यांत्रिक असते. तत्त्व चुकीचे असू शकते, पण तत्त्वाला धरून केलेली कृती जाणीवपूर्वक केलेली आणि म्हणून जबाबदारीची असते, असे ते तिथे म्हणतात. ज्या विषयाचा प्राणच ही जबाबदारी आहे, त्याची परीक्षा विद्यार्थ्याला कोणतीही जबाबदारी न देता कशी घेता येईल? निष्कर्ष त्याचा नाही, कारणे त्याची नाहीत, उदाहरणही त्याचे नाही. त्याचे फक्त अक्षर आहे.

या मागणीवर येणाऱ्या आक्षेपांची मला कल्पना आहे, आणि ते माझ्या सहकाऱ्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलेले आहेत. पहिला आणि वजनदार आक्षेप असा की मताला गुण द्यायचे तर तपासणाऱ्याचे मत आड येणार. आणि फेरतपासणी, छायाप्रत, तक्रार या सगळ्यांपुढे टिकेल असे मोजमाप त्यात नसते. मत बरोबर की चूक याला गुण द्यायचे असते तर हा आक्षेप निर्णायक ठरला असता. मी मागते आहे ते निराळे आहे. १५ गुणांचे उत्तर असेल तर भूमिका नेमक्या शब्दांत मांडली आहे का याला तीन, तिला आधार देणारी कारणे खरोखर आधार देतात का याला पाच, विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट आक्षेप तिच्यावर अन्याय न करता सांगितला आहे का याला चार, आणि त्या आक्षेपाला काही उत्तर दिले आहे किंवा तो मान्य करून भूमिका सुधारली आहे का याला तीन. आधारविधान आणि निष्कर्ष यांचा संबंध तपासणे हे तर तर्कशास्त्राचे नेहमीचे काम आहे, आणि आपल्या राज्यात ते अकरावी-बारावीपासून शिकवले जाते. गेल्या दोन वर्षांत अंतर्गत मूल्यमापनात मी हा प्रयोग केला आहे. दुसऱ्या महाविद्यालयातल्या एका सहकाऱ्याने आणि मी आधी दहा उत्तरे एकत्र बसून तपासली, कुठे का फरक पडतो यावर बोललो, आणि मग उरलेली उत्तरे स्वतंत्रपणे तपासली. बहुतेक उत्तरांत आमच्यात एक-दोन गुणांहून अधिक अंतर राहिले नाही. टीपा तपासतानाही एवढे अंतर पडतेच.

तपासणीचे ओझे वाढेल, हा दुसरा आक्षेप. तो खराच आहे, विशेषतः जिथे विभागात एकच पूर्णवेळ प्राध्यापक उरला आहे आणि बाकी तास तासिका तत्त्वावरच्या, कमी मानधनात राबणाऱ्या तरुण सहकाऱ्यांवर आहेत. म्हणून मी प्रश्न वाढवा असे म्हणत नाही. टीपा आणि एका वाक्यातली उत्तरे कमी करून दोन मोठे प्रश्न ठेवले तर तपासण्याची पाने जवळपास तेवढीच राहतात.

तिसरा आक्षेप मला मनापासून दुखावतो, कारण तो आमच्या मुलांबद्दलचा आहे. ग्रामीण भागातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयात पाऊल ठेवणाऱ्या मुलांना स्वतःचा विचार मांडणे जमणार नाही. त्यांना तयार उत्तर मिळाले की ती निदान उत्तीर्ण होतात, असे म्हटले जाते. ही मुले पारावर, एसटीत, दूध संकलन केंद्रापुढच्या रांगेत पाणीवाटपापासून हुंड्यापर्यंत सगळ्यावर कारणे देऊन भांडतात. टँकर आला की आधी कोणाचे पिंप भरायचे, दाराशी जो आधी पोचला त्याचे की ज्या घरात बाळंतीण आहे तिचे, या प्रश्नावर माझ्या वर्गात झालेला वाद उपयुक्ततावादाच्या कोणत्याही टिपणापेक्षा खोल गेला होता. ती अडखळतात ती पुस्तकाच्या भाषेपाशी. ‘प्रागनुभविक’, ‘आधिभौतिक’, ‘आपादनीय’ असे शब्द अर्थाच्या आधी समोर आले की मुलगा शब्द पाठ करतो आणि अर्थ सोडून देतो.

परिभाषा नको, असे मात्र मी म्हणणार नाही. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली १९७४ साली मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत उभा राहिला, मे. पुं. रेगे यांनी पाश्चात्त्य नीतिविचार नितळ मराठीत आणला, आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९१६ साली अमळनेरला प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले, जिथे साने गुरुजींनीही काही काळ अध्ययन केले. मुंबई-पुण्यापासून दूर खानदेशातल्या एका गावी तत्त्वज्ञानासाठी संस्था निघू शकते, असे ज्या प्रांतात शंभर वर्षांपूर्वी कुणाला वाटले, त्या प्रांतात आमच्या मुलांच्या कुवतीवर शंका घेतली जाऊ नये. आधी प्रसंग, मग वाद, आणि वादात ज्या क्षणी एखाद्या शब्दाची गरज भासेल त्या क्षणी तो शब्द, असा क्रम ठेवला तर ‘निरपेक्ष आदेश’ हा शब्द मुले आपणहून मागतात. मामीच्या गोष्टीनंतर, “कोणतीही अट न लावता लागू होणारा नियम याला एक शब्द आहे का?” असे त्या मागच्या बाकावरच्या मुलानेच विचारले होते.

प्रसंगांसाठी फार दूर जावे लागत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर सुमारे ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे अन्न थांबवावे या विनंतीवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. काटेकोर अटींखाली उपचार थांबवण्याची वाट न्यायालयाने मोकळी केली, पण अरुणा यांच्यासाठी केलेली विनंती फेटाळली, कारण त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांचा आहे आणि त्यांना त्या जगायला हव्या आहेत, असे न्यायालयाने मानले. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. या एका प्रकरणावर मी सहा तास घालवते. जिला बोलता येत नाही तिचे हित कोणी ठरवायचे? रक्ताचे नाते मोठे की रोज अंग पुसून देणाऱ्या हातांचे? शुश्रूषा करणाऱ्यांचे प्रेम हा रुग्णाच्या जगण्याच्या बाजूचा पुरावा मानता येतो का, की ते त्यांचे स्वतःचे सुख आहे? उपयुक्ततावाद (जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख पाहणारा), कर्तव्यवाद (परिणामांपेक्षा कर्तव्य पाहणारा) आणि सद्गुणविचार (माणसाचे चारित्र्य पाहणारा) हे तिन्ही इथे कामाला लागतात, आणि तिन्ही कुठे अपुरे पडतात तेही दिसते. याच निर्णयातले उतारे वाचून एका मुलाने, ज्याची बहीण परिचारिका आहे, आधी घेतलेली भूमिका सोडून दिली आणि का सोडली ते लिहून दिले. आजच्या प्रश्नपत्रिकेत अशा मुलाला कुठे गुण मिळतात?

केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर ठेवला असून त्याचा एक मोठा भाग प्रसंग देऊन निर्णय आणि त्याची कारणे विचारणारा असतो. राज्यसेवेनेही तीच वाट धरली आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी हा नीतिमीमांसेचा हेतू आहे असे मी मानत नाही, पण प्रशासनात येऊ पाहणाऱ्याला जे विचारले जाते ते तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला आपण विचारत नाही, ही गोष्ट आपल्या मंडळांना खटकावी.

माझी विनंती अशी की आगामी बैठकीत पहिल्या वर्षाच्या नीतिमीमांसेच्या प्रश्नपत्रिकेचा आराखडा हा स्वतंत्र विषय म्हणून घ्यावा, निदान एका सत्रापुरता निम्म्या गुणांचा बदल करून पाहावा, आणि परीक्षकांसाठी गुणदानाची रीत उदाहरणांसह छापून द्यावी. दोन वर्षांत जमलेली, नावे काढून टाकलेली उत्तरे, आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे दिलेले गुण आणि तीन नमुना प्रश्नपत्रिका मी आपल्याकडे पाठवण्यास तयार आहे.

त्यांत त्या मुलीचे उत्तरही आहे. सत्राच्या शेवटी अंतर्गत मूल्यमापनासाठी मी वर्गाला कौशिकाचाच प्रश्न लिहायला दिला होता, आणि तिने अडीच पाने लिहिली. कांटची बाजू तिने माझ्यापेक्षा चांगली मांडली: खोटे बोलल्यावर पुढे काय होईल हे मामीला ठाऊक नव्हते, ती मुलगी मागच्या बाजूने निघून चुलत्यांच्या हातात सापडली असती तर मामी स्वतःला काय म्हणाली असती, असे तिने विचारले आहे. आणि मग ती लिहिते की या गोष्टीत कांट दोनच माणसे मोजतो, दारात विचारणारा आणि उत्तर देणारा. आत बसलेल्या तिसऱ्या माणसाला तो विचारत नाही. “मामीने त्या मुलीला रात्रीच आत घेतले होते. आत घेणे हाच शब्द देणे होते. म्हणून सकाळी दारात खरे बोलणे म्हणजे आतल्या मुलीशी खोटे बोलणे झाले असते. मामीने दोनपैकी एकाशी खोटे बोलायचे ठरवले आणि त्यासाठी ती उपाशी राहिली. ती उपाशी का राहिली याचे उत्तर मला कांटमध्ये मिळाले, पण तिने दार का उघडले नाही याचे मिळाले नाही.”

आपली नम्र,
पदवी वर्गाला नीतिमीमांसा शिकवणारी एक अध्यापिका